जुन्या मोटरहोममधील बॅटरीचा कप्पा : सफाई व गंजरोधन

मोटरहोमची, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीची, बॅटरी पत्र्याच्या ज्या खणात बसवलेली असते, तो खण ॲसिडमुक्त करून, त्यावरचा गंज काढून तो पुन्हा रंगवण्याचे काम. लेड-ॲसिड बॅटरीच्या कोणत्याही जुन्या गाडीला ते कधी ना कधी करावेच लागते. मोटरहोममध्ये मात्र इंजिन सुरू करणारी एक आणि आतले दिवे, पाण्याचा पंप वगैरे चालवणारी दुसरी, अशा बहुधा दोन बॅटऱ्या असतात. शिवाय गाडी वर्षातले कित्येक महिने एकाच जागी उभी असते. त्यामुळे गंज लवकर धरतो आणि दिसतो उशिरा.

याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे फोक्सवॅगनची टी-२ व्हॅन. जर्मनीत ती १९६७ ते १९७९ या काळात तयार झाली आणि वेस्टफालियासारख्या कंपन्यांनी तिचे फिरते घर केले. तिची बॅटरी मागे, इंजिनाच्या खोलीत उजव्या कोपऱ्यात असते. तेथे इंजिनाची धग असते, वरच्या हवेच्या फटींतून पावसाचे पाणी उतरते, आणि खालून हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाचा चिखल उडतो. त्यात बॅटरीचे ॲसिड मिसळले की ट्रेच्या, म्हणजे बॅटरीखालच्या तळाच्या, पत्र्याची चाळण व्हायला वेळ लागत नाही. पुढच्या टी-३ मॉडेलमध्ये बॅटरी पुढच्या सीटखाली गेली. पाऊस-चिखलातून ती सुटली, पण बॅटरीतून निघणारा वायू आता थेट माणसांच्या बैठकीखाली आला. अमेरिकी मोटरहोममध्ये बॅटऱ्या अनेकदा दाराच्या पायरीखाली असतात. तेथे धूळ आणि चिखल ठरलेला.

या कप्प्यातला गंज पाण्यापेक्षा ॲसिडाचा असतो, आणि सफाईची सगळी रीत त्यावरून ठरते. चार्ज होऊन भरलेल्या बॅटरीतल्या द्रावणात वजनाने एक तृतीयांशाहून अधिक सल्फ्युरिक ॲसिड असते. १२ व्होल्टच्या बॅटरीत चार्जिंग साधारण १४.४ व्होल्टच्या पुढे गेले की पाण्याचे विघटन जोरात होते, हायड्रोजन व ऑक्सिजनचे बुडबुडे फुटतात आणि झाकणांच्या भोकांतून ॲसिडाचे सूक्ष्म तुषार बाहेर येतात. दुसरे कारण थंडीचे. उतरलेली बॅटरी उणे १० अंश सेल्सियसच्या आसपास गोठू शकते, तिचे खोके तडकते आणि वसंतात बर्फ वितळला की सगळे ट्रेमध्ये. पूर्ण भरलेली बॅटरी उणे ५० अंशांतही गोठत नाही. लोखंडावर ॲसिड पडले की फेरस सल्फेट तयार होते. हा क्षार हवेतली ओल ओढतो आणि रंगाच्या पोपड्याखाली वर्षानुवर्षे काम करीत राहतो. ट्रे नुसता घासून त्यावर रंग मारला तर काही महिन्यांत त्याच जागी फोड येतात, ते यामुळेच.

म्हणून आधी खाण्याचा सोडा, ब्रश मागून. चार्जर आणि सौरपॅनेल तोडून प्रथम ऋण टोकाची, म्हणजे बॉडीला जोडलेली अर्थची, केबल सोडवतात, नंतर धन टोकाची. उलट केले आणि पान्हा बॉडीला टेकला तर ठिणगी उडते, आणि हवेत ४ टक्के हायड्रोजन असला तरी तो पेट घेतो. चष्मा व रबरी हातमोजे घालून बॅटरी बाहेर काढतात. तिचे वजन वीस किलोच्या घरात असते आणि टी-२मध्ये ती कोपऱ्यातून तिरकी उचलावी लागते, कंबरेची परीक्षाच. मग लिटरभर कोमट पाण्यात चार चमचे खाण्याचा सोडा विरघळवून ते पाणी ट्रेवर ओततात. जेथे ॲसिड मुरलेले असते तेथे पत्रा फसफसतो. फेस तपकिरी होऊन खालच्या भोकातून ठिबकतो. पुन्हा ओतल्यावर फेस येईनासा झाला, की ॲसिड संपले असे समजतात. स्पॉट वेल्डिंगच्या सांध्यांत मात्र ते दडून राहते, तेथे दोन-तीनदा ओतावे लागते. बॅटरीची बाहेरची बाजूही याच पाण्याने पुसतात, पण झाकणे घट्ट लावून. सोडा आत गेला तर तो आतले ॲसिड मारतो. (घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी ओघळून शहाबादी फरशी पांढरी पडलेली अनेकांनी पाहिली असेल. तो चुनखडीचा दगड ॲसिडावर असाच फसफसतो.)

यानंतर साध्या पाण्याने भरपूर धुणे आणि पूर्ण वाळवणे. ही पायरी लोक गाळतात. सोडा मागे राहिला तर पुढे लावायच्या फॉस्फोरिक ॲसिडयुक्त गंजनाशकाचाच जोर जातो. वाळल्यावर तारेच्या ब्रशने पोपडे काढून पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकतात. धड पत्रा टणटणतो, सडलेला भद्द वाजतो. स्क्रूड्रायव्हरचे टोक आरपार गेले तर रंगाचा विचार सोडून नवा ट्रे वेल्ड करावा. टी-२ची पेट्रोलची टाकी इंजिनाच्या खोलीलगत पडद्यापलीकडेच असते, म्हणून ग्राइंडर किंवा वेल्डिंगआधी ती उतरवणे भाग आहे.

रंगाच्या बाबतीत सवयीने हात जस्तयुक्त प्रायमरकडे जातो. पाण्यापासून जस्त उत्तम राखण करते. ॲसिडात मात्र ते लोखंडाच्याही आधी विरघळते. खिडकीच्या गजांना लावतात तो रेडऑक्साइडही ॲसिडापुढे फार टिकत नाही. येथे दोन भाग मिसळून लावायचा एपॉक्सी प्रायमर आणि त्यावर त्याच जातीचा रंग योग्य, तोही पूर्ण मुरल्यावरच बॅटरी ठेवावी. खरे संरक्षण मात्र त्यावर ठेवलेल्या प्लास्टिकच्या तबकाचे, कारण पॉलिप्रॉपिलीनला हे ॲसिड काही करीत नाही. तबक असले तरी कप्प्याचे निचऱ्याचे भोक आणि हवेची वाट बुजवू नये. टी-३मध्ये वायू बाहेर नेणारी नळी जागेवर आहे ना, तेही पाहावे.

बॅटरी बसवताना क्रम उलटा, आधी धन टोक. टोकांना पेट्रोलियम जेलीचा हात द्यावा आणि तिला आवळणारी पट्टी घट्ट करावी, कारण हलणारी बॅटरी नवा रंग खरवडते. हौसेने सगळाच कोपरा रंगवणाऱ्यांची गाडी पुष्कळदा नंतर सुरूच होत नाही: अर्थची केबल जेथे बॉडीला बोल्टने आवळलेली असते, ती रुपयाएवढी जागा उघडीच ठेवायची असते, कारण रंगातून वीज जात नाही.