मिठाचा हिशेब ठेवणारे

सलाईनची बाटली आज इतकी सवयीची झाली आहे, की तिच्यामागची कल्पना एके काळी चक्क विस्मरणात गेली होती हे खरं वाटत नाही. १८३१च्या अखेरीस इंग्लंडात कॉलरा पसरला, तेव्हा विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने रुग्णांचं रक्त तपासलं. रक्त दाट झालं होतं, त्यातलं पाणी आणि क्षार दोन्ही घटले होते, आणि रक्तातून गेलेले क्षार जुलाबात सापडत होते. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या लीथ इथे थॉमस लाट्टा यांनी मिठाचं पाणी थेट शिरेत सोडलं. मरणाच्या दारात असलेली त्यांची पहिली रुग्ण, एक वृद्धा, अर्ध्या तासात ठणठणीत आवाजात बोलू लागली. जुलाब मात्र थांबले नव्हते. काही तासांत ती गेली. १८३३ साली लाट्टाही वारले आणि उपाय कित्येक दशकं बाजूला पडला.

उपाय हाती होता, पण तो बसवायला चौकट नव्हती. ती दिली फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी. पेशी बाहेरच्या जगात जगत नाहीत, शरीरातल्या द्रवात जगतात, आणि शरीराची सगळी धडपड तो द्रव स्थिर ठेवण्यासाठी असते, असं त्यांचं म्हणणं. त्या द्रवात नेमकं काय हवं, हे कळलं ते एका घोटाळ्यामुळे. लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात चालवून पाहत होते आणि ते छान चालत होतं. मग लक्षात आलं, की द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात नव्हे, नळाच्या पाण्यात केलेलं आहे. शुद्ध पाणी वापरताच हृदय मंदावलं. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम एवढा वेळ काम करत होतं! रिंगर यांनी १८८३ मध्ये स्वतःचाच आधीचा निष्कर्ष दुरुस्त केला.

क्षार कळले, पण त्यांचं प्रमाण राखतं कोण? रक्तात लिटरमागे सोडियम १३५ ते १४५ मिलिमोल, पोटॅशियम जेमतेम ३.५ ते ५. पेशीच्या आत नेमकं उलट. १८५५ मध्ये थॉमस ॲडिसन यांनी मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी निकामी झालेल्या रुग्णांचं वर्णन केलं होतं. १९३०च्या दशकात दिसलं, की अशा रुग्णांच्या रक्तात सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त असतं, आणि भरपूर मीठ दिलं की ते तग धरतात. म्हणजे ग्रंथीतून येणारं काहीतरी मूत्रपिंडाला सांगत होतं: सोडियम धर, पोटॅशियम सोड. ते ‘काहीतरी’ म्हणजे अल्डोस्टेरॉन. सिल्व्हिया सिम्पसन आणि जेम्स टेट यांनी स्वित्झर्लंडमधल्या सहकाऱ्यांसह ते १९५३ मध्ये वेगळं केलं. गुरांच्या ५०० किलो ग्रंथींतून हाती आले अवघे काही मिलिग्रॅम स्फटिक. इतक्या अल्प द्रव्याचा शरीरावर एवढा अंमल चालतो, याचं मला अजूनही नवल वाटतं.

अल्डोस्टेरॉनला चाळवणाऱ्या साखळीचा पहिला दुवा, रेनिन हे मूत्रपिंडातलं द्रव्य, स्टॉकहोममध्ये १८९८ मध्येच सापडला होता. त्याच्याकडेही पुढे तीन-साडेतीन दशकं फारसं कुणी पाहिलं नाही.

पाण्याचा कारभार वेगळ्या हाती आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीच्या मागच्या भागाचा अर्क दिला की अतिमूत्राच्या रुग्णांची लघवी कमी होते, हे १९१३ मध्ये दिसलं. अर्नेस्ट व्हर्नी यांनी १९४७ मध्ये कुत्र्यांवरचे प्रयोग मांडले: मेंदूकडे जाणाऱ्या रक्तात दाट मिठाचं पाणी सोडलं, की लघवी घटते. मेंदू तहान लागण्याचीच वाट पाहत नाही, तो रक्ताची दाटी मोजत असतो आणि त्यानुसार व्हॅसोप्रेसिन, म्हणजे त्या अर्कातलं लघवी घटवणारं संप्रेरक, सोडतो. दिवसाकाठी मूत्रपिंडं सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि लघवीवाटे जेमतेम दीड-दोन लिटर जातं, त्यात या संप्रेरकाचा वाटा असतो.

हे सगळे धरून ठेवणारे. सोडून देणारा मात्र उशिरा सापडला. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतले कण सूक्ष्मदर्शकाखाली १९५६ मध्ये दिसले होते. १९८१ मध्ये कॅनडात अडोल्फो द बोल्ड यांनी उंदरांच्या त्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, आणि काही मिनिटांतच मीठ आणि पाणी लघवीवाटे धो धो बाहेर पडलं. निव्वळ पंप समजलं गेलेलं हृदयही ग्रंथीच निघालं.