वनजमिनीचे नक्त वर्तमान मूल्य

खाण, धरण, रस्ता, वीजवाहिनी अशा वनेतर कामासाठी वनजमीन वळती केली जाते, तेव्हा त्या जमिनीवरच्या जंगलाकडून पुढील अनेक वर्षे मिळाल्या असत्या अशा वस्तू आणि सेवांची आजच्या रुपयांत काढलेली किंमत म्हणजे वनजमिनीचे नक्त वर्तमान मूल्य. वनखात्यात ते ‘एनपीव्ही’ (नेट प्रेझेंट व्हॅल्यू) याच नावाने ओळखले जाते. ज्या यंत्रणेला जमीन हवी असते तिच्याकडून ते दर हेक्टरी ठरलेल्या दराने वसूल होते. जमिनीचा बाजारभाव, तोडलेल्या झाडांच्या लाकडाची किंमत आणि पर्यायी वनीकरणाचा खर्च या तिन्हींहून ही रक्कम वेगळी असते. ती भरल्याने जमिनीची मालकी मिळत नाही. मिळते ती केवळ ठरावीक वापराची परवानगी.

१९८० च्या वनसंरक्षण कायद्याने वनजमिनीच्या वनेतर वापरासाठी केंद्र सरकारची पूर्वसंमती बंधनकारक केली. या कायद्याच्या पहिल्या दोन दशकांत भरपाईचा मुख्य मार्ग पर्यायी वनीकरण हाच होता: इथले जंगल गेले तर तिथे रोपे लावायची. परंतु लावलेले रोप झाडाच्या वयाला पोहोचेपर्यंत जी तीस-चाळीस वर्षे जातात, त्या काळात न मुरलेल्या पाण्याचा, वाहून गेलेल्या मातीचा आणि न मिळालेल्या चाऱ्याचा हिशेब त्यात कुठेच नव्हता. सर्वोच्च न्यायालयात १९९५ पासून चाललेल्या टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाड प्रकरणात ही उणीव पुढे आली. याच प्रकरणात १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने ‘वन’ या शब्दाला त्याचा शब्दकोशातील अर्थ लागू झाला आणि मालकी कोणाचीही असली तरी जंगल ते जंगल, अशी भूमिका कायम झाली. ३० ऑक्टोबर २००२ रोजी न्यायालयाने नक्त वर्तमान मूल्य वसूल करण्याचा आदेश दिला. त्या वेळचे दर जंगलाच्या प्रतीनुसार हेक्टरी ५.८० लाख ते ९.२० लाख रुपये होते. हे दर कोणत्या पायावर उभे असावेत हे ठरवण्यासाठी २००५ मध्ये अर्थतज्ज्ञ कांचन चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल आणि त्यावरील केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या, म्हणजे वनप्रकरणांत न्यायालयाला साहाय्य करणाऱ्या समितीच्या, शिफारशी पाहून न्यायालयाने २८ मार्च २००८ रोजी नवी दरश्रेणी मान्य केली. आजची पद्धत मुख्यतः याच श्रेणीवर चालते.

मूल्याच्या हिशेबात इमारती लाकूड, जळण, चारा आणि गौण वनोपज या मोजता येण्याजोग्या वस्तू असतात. त्यांच्या जोडीला पर्यटन, औषधी व जनुकीय उपयोगाची शक्यता, कार्बन साठवण, पाणलोटाचे रक्षण आणि वाघासारख्या प्रमुख वन्यप्राण्यांचे अस्तित्व याही बाबी धरल्या जातात. पहिल्या गटाला निदान बाजारभाव आहे, दुसऱ्या गटाचे बरेचसे आकडे अप्रत्यक्ष अंदाजांतून येतात. हे सगळे वार्षिक लाभ भविष्यातले असल्याने ते वटावदर, म्हणजे भविष्यातली रक्कम दरवर्षी ज्या टक्क्याने घटवून धरायची तो दर, लावून आजच्या किमतीत आणावे लागतात, आणि सगळा खेळ बहुधा इथेच ठरतो. वीस वर्षांनी मिळणारे १,००० रुपये ४ टक्के दराने आज सुमारे ४५६ रुपयांचे ठरतात. १० टक्के दराने तेच जेमतेम १४९ उरतात. कारखान्याला शोभणारा चढा वटावदर जंगलाला लावला, तर नातवंडांच्या वाट्याचे पाणी जवळजवळ फुकट ठरते. म्हणूनच वनमूल्यमापनात समाजाच्या दृष्टीने ठरवलेला कमी दर वापरण्याचा आग्रह धरला जातो.

२००८ च्या श्रेणीत देशातील वनप्रकारांचे सहा परिस्थितिकी वर्ग पाडले असून प्रत्येक वर्गात छत्राच्या, म्हणजे झाडांच्या माथ्यावरील पर्णाच्छादनाच्या, घनतेनुसार अतिघन, घन आणि विरळ असे तीन दर आहेत. सदाहरित, निमसदाहरित व आर्द्र पानझडी वने पहिल्या वर्गात, तर किनारी व दलदलीची वने, म्हणजे आपल्याकडील कांदळवने, दुसऱ्या वर्गात मोडतात. दोन्हींच्या अतिघन वनाचा दर १०.४३ लाख रुपये होता. विदर्भातील सागाच्या शुष्क पानझडी जंगलाचा तिसरा वर्ग आणि काटेरी वनांचा चौथा. चौथ्या वर्गातील विरळ वनाला ४.३८ लाख, हा सर्वांत कमी दर. उरलेले दोन वर्ग डोंगराळ उपोष्ण प्रदेशांतील आणि हिमालयातील थंड हवेच्या वनांचे आहेत. अभयारण्यातील जमिनीला या दरांच्या पाचपट आणि राष्ट्रीय उद्यानातील जमिनीला दहापट रक्कम लागते. शाळा, दवाखाना यांसारख्या काही सार्वजनिक कामांना एक हेक्टरपर्यंत सूट आहे.

दर तीन वर्षांनी दर सुधारावेत अशी अपेक्षा होती; प्रत्यक्षात सुधारणा झाली ती जानेवारी २०२२ मध्ये. भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेने दरम्यान नव्याने मूल्यमापन करून बरेच चढे दर सुचवले होते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मात्र महागाईच्या प्रमाणात जुने दर १.५३ पट करण्याचा सोपा रस्ता धरला. त्यामुळे सर्वोच्च दर सुमारे १५.९६ लाख आणि सर्वांत कमी दर सुमारे ६.७० लाख रुपये झाला. तिसऱ्या वर्गातील दहा हेक्टर घन वन वळते करायचे, तर सुमारे १.२३ कोटी रुपये होतात. हीच जमीन अभयारण्यात असेल तर ६.१४ कोटी.

जागेवरचे काम याहून साधे असते. वनरक्षक आणि वनमजूर प्रस्तावित क्षेत्रातून फिरतात, छातीच्या उंचीवर टेप गुंडाळून खोडाचा घेर मोजतात, रंगाने क्रमांक टाकतात आणि नोंदवहीत झाडाची जात, घेर व स्थिती लिहितात. सागाची ओळ लाकडाच्या भावात सहज बसते. मोहाची ओळही तेवढीच लांब असते, पण मोह कोणी लाकडासाठी राखत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपूर्वी त्याची फुले गळतात, झाडाखालचा पाचोळा आधीच झाडून ठेवलेला असतो, आणि उजाडायच्या आत बायका-मुले टोपल्या भरतात. पुढे बियांचे तेल निघते. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात कोणते झाड कोणत्या घराने वेचायचे हे अनेक गावांत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. हेक्टरी दरात गौण वनोपजाचा सरासरी वाटा आहे, हे खरे. मात्र ती सरासरी वर्गाची असते, त्या झाडाची किंवा त्या घराची नव्हे. वसुलीची रक्कमही त्या घराकडे थेट जात नाही. २०१६ च्या प्रतिपूरक वनीकरण निधी कायद्याने ती स्वतंत्र निधीत जमा होते. ९० टक्के राज्याच्या आणि १० टक्के राष्ट्रीय निधीत.

या पद्धतीची सर्वांत मोठी अडचण मोजपट्टीतच आहे. दर छत्राच्या घनतेवर चढतो, म्हणून झाडे कमी ते मोल कमी असे समीकरण आपोआप तयार होते. सोलापूर-अहिल्यानगरच्या माळरानावर झाडे मुळातच विरळ असतात. माळढोक, तणमोर, लांडगा आणि धनगरांची मेंढरे यांना तीच उघडी जमीन लागते. अभयारण्याच्या हद्दीबाहेरचे असे माळरान वनजमीन असले तरी तक्त्यात तळाच्या दराला जाऊन बसते. पूर्व विदर्भातील झुडपी जंगलाचा वाद याच जातीचा आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतील सुमारे ८६ हजार हेक्टर खुरट्या झुडपांची ही जमीन महसुली नोंदीत दीर्घकाळ गुरचरणासारखी वापरली गेली, तिच्यावर वस्त्या आणि कार्यालयेही उभी राहिली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती १९९६ च्या आदेशानुसार वनच असल्याचा निर्वाळा दिला, आणि १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने केलेल्या वाटपांच्या प्रस्तावांना नक्त वर्तमान मूल्य व पर्यायी वनीकरण या अटींतून मोकळे केले. त्या तारखेनंतरच्या वाटपांना मात्र ही सवलत नाही.