'खुनी' म्हणवल्या गेलेल्या मधमाश्या पोर्तो रिकोत शांत कशा झाल्या?

'किलर बी' वाला फॉरवर्ड तुमच्याकडेही कधीतरी आलाच असेल. ब्राझीलच्या कुठल्याशा लॅबमधून पळालेल्या माश्या, माणूस दिसला की हजारोंनी तुटून पडतात, खाली तीन लाल उद्गारचिन्हं. त्यातलं थोडंसं खरं आहे. १९५६ मधे वॉरविक केर नावाच्या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने आफ्रिकेतून राणीमाश्या आणल्या, कारण युरोपातल्या माश्या ब्राझीलच्या गरम हवेत नीट मध करत नव्हत्या आणि आफ्रिकेतल्या माश्यांशी संकर केला तर उष्ण प्रदेशाला चालणारी जात मिळेल असा त्यांचा हिशोब होता. १९५७ मधे त्यातल्या २६ वसाहती निसटल्या, तिथल्या युरोपियन माश्यांमधे मिसळल्या आणि ही मिश्र जात वर सरकत सरकत १९९० मधे अमेरिकेच्या टेक्सासमधे पोचली. ती खरंच तापट आहे, माणसं दगावलीही आहेत. पण तिच्या एकेका माशीचं विष आपल्या नेहमीच्या मधमाशीपेक्षा जास्त जहाल नसतं, फरक एवढाच की एकाच्या जागी शंभर माश्या येतात.

फॉरवर्डमधे जे कधीच नसतं आणि मला या सगळ्या गोष्टीत सगळ्यात भारी वाटतं ते पोर्तो रिकोत घडलं. पोर्तो रिको म्हणजे कॅरिबियन समुद्रातलं अमेरिकेच्या ताब्यातलं बेट, जेमतेम ९ हजार चौरस किलोमीटरचं. १९९४ मधे ही आफ्रिकन मिश्र माशी तिथे पोचली, बेटभर पसरली, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत शांत झाली. अंगाने ती आफ्रिकन वळणाचीच आहे, लहानखुरी, गोचिडासारखा चिकटणारा व्हरोआ नावाचा परजीवी अंगावरून काढून टाकण्यात तरबेज, पण डंख मारायच्या बाबतीत युरोपियन माशीसारखी निवांत. पोर्तो रिको विद्यापीठातल्या तुग्रुल गिराय आणि सहकाऱ्यांनी २०१२ मधे हे मोजून दाखवलं.

त्यामुळे आज तिथे जो कोणी मधमाश्या पाळायला शिकतो तो बहुतेक करून याच माश्यांवर शिकतो. बहुतेक पुस्तकं थंड देशांसाठी लिहिलेली असतात, हिवाळ्यासाठी मधाचा साठा कसा ठेवायचा यावर पानंच्या पानं. इथे हिवाळाच नाही. राणी जवळजवळ वर्षभर अंडी घालते, पेटी पटकन भरते आणि जागा कमी पडली की निम्म्या माश्या जुन्या राणीला घेऊन निघून जातात, म्हणून पेटीतल्या चौकटी तपासताना खालच्या कडेला शेंगदाण्याच्या शेंगेसारखं लोंबणारं राणीघर, म्हणजे नवी राणी वाढते ते घर, दिसतंय का हे बघायची सवय आधी लावून घ्यावी लागते. निघून गेलेले थवे पाण्याच्या मीटरच्या खड्ड्यात, भिंतीच्या पोकळीत जाऊन बसतात, ते तिथून न मारता काढून पेटीत बसवणं हेही शिकावं लागतं. आणि वादळं. २० सप्टेंबर २०१७ ला मारिया वादळाने झाडांवर फूल काय, पानसुद्धा ठेवलं नाही, अशा वेळी साखरेचा पाक करून पेटीत ठेवला नाही तर वाचलेली वसाहतही उपाशी मरते.

पण पेटी उघडायला शिकणं म्हणजे मुळात एक वास ओळखायला शिकणं. पेटीच्या दाराशी नीट बघा. पहारेकरी माशी पुढचे पाय उचलून उभी असते, धोका वाटला की पोट वर करते, नांगी थोडी बाहेर काढते आणि पंख फडफडवते. तेव्हा ती नुसती घाबरवत नसते, वास पसरवत असते. त्यातलं मुख्य रसायन आयसोपेंटाइल ॲसिटेट, पिकलेल्या केळ्याचा वास यायलाही हेच कारण, म्हणून पेटी उघडायच्या आधी केळं खाऊ नका असं सगळीकडेच सांगतात. माशीने डंख मारला की नांगीला उलटे काटे असल्याने ती माणसाच्या कातडीत अडकते आणि विषाच्या पिशवीसकट तुटून मागे राहते. माशी मरते पण नांगी पंपासारखी विष आत ढकलत राहते, आणि त्याच जागेवरून तो वास सुटत राहतो. म्हणजे दुसऱ्या माशीला पत्ता लिहून दिला! म्हणून नांगी खरवडून काढू की चिमटीने काढू असा विचार करत बसायचं नाही, जशी जमेल तशी पण ताबडतोब काढायची आणि त्या जागी धूर द्यायचा. धुराने माश्यांच्या मिशांची हा वास ओळखायची क्षमता काही वेळ कमी होते, शिवाय त्या मध पिऊन घ्यायला धावतात.

आपल्याकडे किल्ल्यावर किंवा डोंगरावरच्या देवळात आग्या मोहोळ उठलं की देवाचा कोप झाला, कोणीतरी सोवळं मोडलं असं बोलणारे लोक अजूनही आहेत. कोणीतरी दगड मारलेला असतो, नाहीतर खाली जाळ केलेला असतो, पहिल्या दोन-चार माश्या डंख मारतात आणि पुढचं सगळं हा वास करतो. देवाला मधे आणून आपण पुढच्या ट्रेकच्या पोरांना धोक्यात घालतो, कारण मग खरं कारण कोणी सांगतच नाही.

आता मूळ प्रश्न, पोर्तो रिकोत हा तापटपणा गेला कुठे? माश्या किती तापट आहेत हे बघायला काळ्या चामड्याचा तुकडा पेटीच्या तोंडासमोर हलवतात आणि ठरलेल्या वेळात त्यात किती नांग्या रुतल्या ते मोजतात. बेटावर या परीक्षेत आकडे खाली आले त्यामागे निवड असावी असं मानतात. तिथे लोकवस्ती दाट आहे, चौरस किलोमीटरला साधारण ३७०, म्हणजे जवळपास आपल्या महाराष्ट्राएवढीच. जे पोळं लोकांवर धावून जातं ते लोक मारून टाकतात, जे गप्प राहतं ते कोणाच्या लक्षात येत नाही आणि त्याचे थवे पुढे पसरतात. मग आपला आग्या इतकी वर्षं मशालीने जाळून खाऊनही शांत का नाही झाला? मला वाटतं इथे बेट असणं महत्त्वाचं आहे. आग्याच्या वसाहती हंगामाप्रमाणे लांब लांब जागा बदलतात, जंगलातून नवीन तापट रक्त येतच राहतं. पोर्तो रिकोला चारी बाजूंनी समुद्र, बाहेरून भर पडणं फार कमी.

२०१७ मधे या माश्यांचे जीनोम, म्हणजे सगळ्या जीनचा मिळून संच, मेक्सिकोतल्या तापट माश्यांशी आणि युरोपियन वंशाच्या माश्यांशी ताडून बघितले. एखादं नवीन म्युटेशन येऊन सगळीकडे पसरलं असं काही सापडलं नाही. आधीपासूनच मिश्रणात असलेले बरेच जीन, त्यातले अनेक युरोपियन वळणाचे, एकाच वेळी थोडे थोडे वाढलेले दिसले. याला सॉफ्ट स्वीप म्हणतात. फायदा असा की बाकीची विविधता टिकते, म्हणूनच रोगाशी लढायची आफ्रिकन ताकद गेली नाही.

त्याहून चकित करणारं काम २०२० मधलं. एकाच वसाहतीतल्या डंख मारायला धावणाऱ्या माश्या आणि मुकाट फुलांवर जाणाऱ्या माश्या यांचे जीनोम ताडले तर त्यांच्यात म्हणण्यासारखा फरकच नाही! फरक दिसला तो वसाहती-वसाहतींमधे. म्हणजे एखादी माशी तापट वागेल का हे तिच्या स्वतःच्या जीनपेक्षा तिच्या वसाहतीत ते जीन किती प्रमाणात आहेत त्यावर जास्त ठरतं. हे का होत असावं ते समजायला माशीचं घराणं बघावं लागेल, जरा किचकट आहे पण धरून राहा. राणी उडता उडता दहा-वीस नरांशी संग करते आणि ते वीर्य आयुष्यभर साठवते. नर फलन न झालेल्या अंड्यातून येतो, म्हणजे त्याच्याकडे गुणसूत्रांचा एकच संच, त्यामुळे त्याचा प्रत्येक शुक्राणू सारखाच. एका बापाच्या मुली आपापसात सरासरी ७५ टक्के सारख्या आणि वेगळ्या बापाच्या मुलींशी फक्त २५ टक्के. म्हणजे एका पेटीत दहा-वीस घराणी एकत्र नांदतात आणि वासाला किती लवकर भडकायचं याची प्रत्येकाची मर्यादा वेगळी. सोसायटीच्या मीटिंगमधे दोन तापट माणसं ओरडली आणि बाकीचे शांत बसले तर भांडण विझतं, पण वीस-पंचवीस जण लवकर तापणारे असले की शांत माणूसही उठून उभा राहतो. इथेही तसंच, लवकर भडकणारी घराणी थोडी असली तर वासाची साखळी मधेच तुटते, जास्त असली की प्रत्येक नांगीमागे वास वाढत जातो आणि ज्या माशीने एरवी काही केलं नसतं तीही धावते.

शिकणाऱ्याला याचा उपयोग असा. एखादी पेटी दर वेळी अंगावर येत असेल तर त्यातल्या 'वाईट' माश्या शोधत बसण्यात अर्थ नाही, तशा वेगळ्या माश्या नसतातच. राणी बदलायची, शांत वसाहतीतली आणि शक्य असेल तर शांत पेट्यांमधल्या नरांच्या आसपास संग झालेली. कामकरी माशी उष्ण हवेत साधारण दीड महिना जगते आणि अंड्यापासून माशी व्हायला २१ दिवस लागतात, त्यामुळे दोन-अडीच महिन्यांत पेटीतल्या जवळजवळ सगळ्या माश्या नव्या राणीच्या होतात. तोपर्यंत ती पेटी उघडताना धुराचं यंत्र आधी पेटवून ठेवायचं, तोंडावर जाळी, आणि वास आला की झाकण लावून बाजूला व्हायचं.