उंदराचं फुफ्फुस म्हणजे माणसाचं फुफ्फुस नव्हे

‘उंदराच्या फुफ्फुसात दिसलं, म्हणजे माणसातही तेच होणार’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे.

कोविडचा मूळ विषाणू साध्या उंदराला नीट लागतच नव्हता. त्याला पेशीत शिरायला एसीई-२ हे प्रथिन लागतं आणि उंदराचं एसीई-२ त्याला जुळत नाही. म्हणून मानवी एसीई-२चं जनुक घातलेले उंदीर वापरले गेले. ते आधीच्या सार्स या कोविडच्या जवळच्या आजारासाठी 2007 सालीच तयार झाले होते. मात्र यातले बरेच उंदीर दगावतात ते विषाणू मेंदूत पोचल्यामुळे! तेव्हा नुसता मृत्यूचा आकडा पाहून फुफ्फुसाबद्दल बोलणं धाडसाचंच.

फ्लूसाठी फेरेट हा प्राणी जास्त जवळचा. त्याच्या श्वासमार्गातले ग्राहक, म्हणजे पेशींवर विषाणू जिथे चिकटतो ती ठिकाणं, बरेचसे आपल्यासारखे; ताप येतो, शिंकाही येतात. 1933 साली लंडनमध्ये माणसाच्या फ्लूचा विषाणू प्रथम फेरेटमध्येच वेगळा केला गेला. पुढे एक आजारी फेरेट संशोधकाच्या तोंडावर शिंकला आणि त्यालाही फ्लू झाला.

सीरियन हॅमस्टर या उंदरासारख्या छोट्या प्राण्याला कोविडचा न्यूमोनिया होतो, वजनही उतरतं. पण साधारण दोन आठवड्यांत तो सावरतो. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या फुफ्फुसाची जी अवस्था होते, ती त्याच्यात सापडत नाही.