टाच टेकणारा घोडा, टाच चोरणारा घोडा

एकच पुढचा पाय दुखत असेल तर घोडा लपवू शकत नाही. दुडक्या चालीत दुखरा पाय टेकला की मान वर उडते. पण दोन्ही पुढचे पाय सारखेच दुखले की मान हलत नाही, नुसती पावलं आखूड पडतात. मग कुणीतरी म्हणतं, "खांद्यात आखडलाय," आणि खांद्याला मालिश सुरू होते. दुखणं मात्र पुष्कळदा खाली खुरात असतं.

अशा आखूड चालीमागे हमखास गल्लत होते ती लॅमिनायटिस (खुराच्या आतल्या अस्तराचं दुखणं) आणि नेव्हिक्युलर (टाचेकडच्या एका लहान हाडाचं दुखणं) या दोघांची. दोन्ही बहुधा पुढच्या खुरांत होतात, कारण घोड्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. दोन्हींत नालबंदाची गरज लागते. इथवर सारखेपणा.

पाऊल कसं पडतं ते बाजूला बसून, खुराच्या पातळीवर डोळे आणून बघा. लॅमिनायटिसचा घोडा आधी टाच टेकतो, कारण त्याचं दुखणं खुराच्या पुढच्या भागात असतं. उभा राहतानाही पुढचे पाय पुढे ताणतो, मागचे पोटाखाली घेतो आणि मागे रेलतो. वळायला सांगितलं तर जागचा हलत नाही. नेव्हिक्युलरचा घोडा नेमका उलट: त्याची टाच दुखते, म्हणून तो खुराचं टोक आधी टेकवतो आणि वाटेत ठेचकाळतो. कडक जमिनीवर लहान वर्तुळात फिरवला की आतल्या बाजूचा पाय जास्त लंगडतो. तबेल्यात तो आलटून पालटून एकेक पाय पुढे ठेवून विसावा देतो.

लॅमिनायटिसमध्ये बिघडतं ते खुराची भिंत आणि आतलं हाड यांना जोडणारं अस्तर. प्रत्येक खुरात साडेपाचशे ते सहाशे उभ्या पातळ पापुद्र्यांनी हाड भिंतीला टांगलेलं असतं. चंदीच्या पोत्यात तोंड घालून घोड्याने पोटभर दाणा खाल्ला, साखर वाढलेल्या हिरव्या गवतावर चरला, इन्शुलिनचं गणित बिघडलं किंवा मोठा जंतुसंसर्ग झाला, की ही जोडणी सुटू लागते. मग एकीकडून घोड्याचं वजन आणि दुसरीकडून पायामागच्या मोठ्या स्नायुबंधाची ओढ, यांत हाडाचं टोक तळव्याकडे फिरतं. वाईट अवस्थेत सबंध हाडच खाली बसतं.

म्हणून इथे हिशेब तासांचा असतो. बोटं खुराच्या वर, सांध्याच्या मागच्या दोन बाजूंना ठेवा. एरवी जेमतेम लागणारी नाडी इथे बोटाला ठोके देते, खूर गरम लागतं. असं दिसलं की दाणा बंद, चालवणं बंद, पाय बर्फाच्या पाण्यात आणि डॉक्टरांना फोन. बर्फ पहिले ४८ ते ७२ तास सलग ठेवावा लागतो. पाच मिनिटं पाण्याचा पाइप धरून भागत नाही. त्या दिवशी नाल ठोकायची घाईही नको. हातोड्याचा प्रत्येक ठोका त्या सुटत्या जोडणीवर बसतो. जाड, मऊ अंथरूण आणि तळव्याला फोमचा आधार एवढं पुरतं. नालेचा विचार दुखणं स्थिरावल्यावर, तोही एक्स-रे समोर ठेवून.

नेव्हिक्युलर हाड खुराच्या मागच्या भागात असतं. त्याचा आकार होडीसारखा, नावही तिच्यावरूनच पडलंय. लॅटिन 'नाविस' आणि आपली 'नाव' एकाच मुळाच्या. तोच मोठा स्नायुबंध या हाडावरून कप्पीवरच्या दोरासारखा जातो आणि वर्षानुवर्षांच्या दाबाने हाड, स्नायुबंध, मधली पिशवी सगळंच झिजतं. खुराचं टोक लांब आणि टाच बसकी ठेवली की ही ओढ वाढते. पायाला ना ऊब, ना ठोके. इथे घाई नको, सातत्य हवं.

नालबंदाचं काम दोन्हीकडे वरवर एकच वाटतं: पाऊल उचलताना खूर लवकर कलावं म्हणून टोक मागे घ्यायचं, नालेची पुढची कड गोल करायची. त्यानंतर वाटा फुटतात. लॅमिनायटिसमध्ये वजन दुखऱ्या भिंतीवरून काढून तळव्याच्या मागच्या भागावर आणि फ्रॉगवर, म्हणजे तळव्यातल्या त्रिकोणी लवचिक गादीवर, द्यायचं. त्यासाठी फ्रॉगला टेकणारी हार्ट-बार नाल किंवा उलटी बसवलेली नाल. फ्रॉगवर दाब जरा जास्त पडला तरी घोडा आणखी दुखावतो, हे नवशिक्याचं काम नव्हे. नेव्हिक्युलरमध्ये टाचेला आधार हवा, म्हणून मागे बंद असलेली अंड्याच्या आकाराची नाल, कधी टाचेखाली पाचर. पाचरेने आराम पटकन दिसतो, पण ती कायम ठेवली तर टाच आणखी चेपते. मला ती काही महिन्यांपुरतीच पटते.

खूर महिन्याला ६ ते ९ मिलिमीटर वाढतं, पुढची भिंत पूर्ण बदलायला जवळजवळ वर्ष जातं. त्यामुळे दर चार ते सहा आठवड्यांची फेरी चुकली की टोक पुन्हा लांबतं आणि केलेलं काम पुसलं जातं.

अजून एक फसगत. टाचेजवळची नस बधिर केल्यावर लंगडणं थांबलं, म्हणजे नेव्हिक्युलरच असं लोक धरून चालतात. ते इंजेक्शन तळव्याचाही बराच भाग बधिर करतं, त्यामुळे जुना, सौम्य लॅमिनायटिसही तिथे लपू शकतो. अशा वेळी खुरावरची वाढीची कडी बघा. लॅमिनायटिस होऊन गेलेल्या खुरात ती पुढे दाटीने असतात आणि टाचेकडे जाताना फाकत जातात.