लागण वेगळी, फैलाव वेगळा: फ्लूच्या म्युटेशनचं एवढं एकदा नीट बघा

मार्च 2025 ला आपल्या सोलापुरात कावळे मरून पडले, बर्ड फ्लू निघाला, आणि लगेच जो तो सांगायला लागला की व्हायरसमध्ये म्युटेशन (जीनमधला बदल) झालंय, आता माणसाला लागतोय म्हणजे कोरोनासारखा पसरणार. हे "म्हणजे" मला दरवर्षी ऐकायला लागतं आणि दरवर्षी डोकं उठतं. मराठीत आपण दोन्हीला "लागण"च म्हणतो, घोटाळा तिथनंच सुरू होतो. मी तरी पेशीत शिरण्याला लागण म्हणतो आणि एका माणसाकडून दुसऱ्याकडं जाण्याला फैलाव, तुम्हीपण तसंच म्हणा.

लागण कशी होते हे बहुतेकांना माहितीये. व्हायरसच्या अंगावरचं हिमॅग्लुटिनिन नावाचं प्रोटीन पेशीवरच्या सायलिक ॲसिडला (ही एक प्रकारची साखर) चिकटतं, व्हायरस आत जातो, कॉप्या काढतो, बाहेर पडताना व्हायरसचंच दुसरं प्रोटीन, न्युरामिनिडेज, सायलिक ॲसिडचा तो धागा कापतं (टॅमीफ्लू हे फ्लूचं औषध हेच कापणं अडवतं). ड्रिफ्ट आणि शिफ्टचं पण एका ओळीत सांगतो, थोडे थोडे बदल साचत गेले की ड्रिफ्ट, दोन व्हायरस एकाच पेशीत घुसून अख्ख्या जीनची अदलाबदल झाली की शिफ्ट. त्यात अडण्यासारखं काही नाही.

लोक अडतात ते पुढं. इथल्या विजापूर वेशीत चिकनच्या दुकानापुढं पाच मिनिटं उभं राहून बघा. पोरगा कोंबडी कापून पिंपात टाकतो, ती तडफडते, पिसांची धूळ उडते, आणि तो त्याच हाताच्या मनगटानं नाक पुसतो. कोंबडी आजारी असेल तर त्याच्या छातीत व्हायरसचा मोठा डोस जाऊ शकतो. पक्ष्यांच्या फ्लूला अल्फा 2,3 जोडणीचं सायलिक ॲसिड (ते पुढच्या साखरेला कसं जोडलंय त्यावरनं हे आकडे) आवडतं, आणि ते आपल्यात मुख्यतः फुफ्फुसात खाली खोल असतं. नाका-घशात जास्त करून 2,6 असतं. त्यामुळं व्हायरस खोलवर बसला तर न्यूमोनिया जबरदस्त होतो, जीव जाऊ शकतो, पण तिथनं तो शिंकेतनं खोकल्यातनं बाहेर फारसा येत नाही. म्हणून त्या पोराला धोका खरा आहे, पण त्याच्यापासून घरातल्यांना, शेजाऱ्यांना अशी साखळी लागत नाही. घातक आहे आणि पसरत नाही, हे दोन्ही एकदम खरं असतं आणि त्याचं मोठं कारण एकच आहे, तो बसतो कुठं.

फैलावाला मग काय लागतं? एक तर हिमॅग्लुटिनिनमध्ये 226 सारख्या जागी (प्रोटीन म्हणजे अमिनो ॲसिडच्या मण्यांची माळ, त्यातला 226 वा मणी) बदल होऊन 2,6 ला चिकटता यायला पाहिजे. दुसरं, पक्ष्याचं अंग 41 अंशांच्या आसपास गरम, आपलं नाक 33 च्या, तर थंडीतपण कॉप्या निघाल्या पाहिजेत, त्यासाठी कॉप्या काढणाऱ्या पीबी2 प्रोटीनमध्ये 627 व्या जागी ग्लुटामिक ॲसिडचा मणी जाऊन लायसिनचा येतो. तिसऱ्याचं कुणी नावच घेत नाही. हिमॅग्लुटिनिन पेशीच्या आत आम्ल लागल्यावर उलगडायचं असतं, ते बाहेरच, शिंकेच्या थेंबात उलगडलं तर व्हायरस पुढच्या नाकात जायच्या आधीच फुकट गेला, म्हणून ते टिकाऊसुद्धा व्हायला लागतं. एखादी बातमी यातला एकच बदल धरून "आता माणसात पसरणार" असं छापते तेव्हा मला खरंच राग येतो.

2012 मध्ये नेदरलँड्समधल्या लॅबनं एच5एन1 चा (बर्ड फ्लूचा एक प्रकार) असा व्हायरस दाखवला की जो शेजारच्या पिंजऱ्यातल्या फेरेटला हवेतनं लागला. फेरेट म्हणजे मुंगसासारखा प्राणी, त्याच्या श्वासनलिकेतले रिसेप्टर (व्हायरस चिकटतो त्या जागा) बरेचसे आपल्यासारखे. पाचेक म्युटेशन पुरली. आणि हवेतनं ज्यांना लागला ते फेरेट मेले नाहीत! पसरायची ताकद वाढली म्हणून मारायची ताकद वाढतेच असं नाही, "म्युटेशन झालं म्हणजे जास्त डेंजर" म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.

हाँगकाँगमध्ये 1997 ला हाच एच5एन1 पहिल्यांदा माणसांत सापडला, 18 जणांना लागण, 6 जण गेले. तिथं माणसांना घरात कोंडलं नाही. वर्षाच्या शेवटी शहरातल्या सगळ्या कोंबड्या मारल्या, आणि माणसांतल्या केसेस थांबल्या. म्हणजे लागण कोंबड्यांकडून होत होती, माणसांतला फैलाव जवळजवळ नव्हताच.