कूलरची मोटर, फिशटँकचा पंप आणि ‘हेड’चा घोळ

फिशटँकचा इतिहास लंडनपासून सुरू करायची रीत आहे. तिथल्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली मत्स्यालय उघडलं. मुंबईत मरीन ड्राइव्हवरचं १९५१ मधलं. खानदेशातल्या घरांत मात्र पाण्याचा पंप आला तो कूलरच्या वाटेने.

त्याआधी होता तो हवेचा पंप. रेतीखाली प्लास्टिकची जाळी, कोपऱ्यात उभी नळी, नळीत हवा सोडली की बुडबुड्यांबरोबर पाणी वर चढायचं आणि रेतीतून गाळून खाली यायचं. आवाज घुंईघुंई, पण वीज अगदी थोडी खायचा आणि पाण्यात वायर नसायची. बुडवायचे पंप स्वस्त झाले तसा तो मागे पडला. माझ्या मते जरा घाईनेच.

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. घरोघरी लोखंडी कूलर, आणि त्याच्या तळाशी बुडून चालणारी वीसेक वॅटची मोटर. चुंबकाचा रोटर, त्यालाच जोडलेली पाती आणि इपॉक्सीत पक्की बंद केलेली कॉइल, इतकंच तिचं पोट. फिशटँकच्या पंपाचीही रचना हीच. म्हणून पावसाळा लागला की कूलरची मोटर धुवून माशांच्या टाकीत सोडणारे इथे गल्लोगल्ली सापडतात. ‘चालते ना?’ हा त्यांचा बिनतोड सवाल. चालते. पण दोन फूट बाय एक बाय एकच्या टाकीत साधारण ५६ लिटर पाणी मावतं आणि तासाला चार-पाच वेळा तेवढं पाणी फिरलं तरी पुरतं. म्हणजे अडीचशे-तीनशे लिटरचा पंप. कूलरची मोटर हजार-अकराशे लिटर फेकते. लांब शेपटीचे मासे कोपऱ्याला चिकटून बसतात आणि पिल्लं जाळीवर ओढली जातात.

खरा गुंता खोक्यावरच्या दोन आकड्यांचा आहे: ‘११०० लिटर प्रति तास’ आणि ‘हेड ६ फूट’. ‘हेड’ म्हणजे पंपाला पाणी किती उंच चढवता येतं ती उंची; हा शब्द खानदेशात कुणाला शिकवावा लागत नाही. विहिरीवर मोटर बसवणारा केळीवाला शेतकरी हेड आणि डिस्चार्ज, म्हणजे तासाला किती पाणी पडतं ते, तोंडपाठ सांगतो, डिस्चार्ज विचारताना ‘किती हेडला?’ हेही विचारतो. तोच माणूस मुलासाठी फिशटँक घ्यायला गेला की दोन्ही आकडे एकत्र वाचतो: सहा फुटांवर अकराशे लिटर. तसं नसतं. अकराशे लिटर मिळतात ते पाणी अजिबात चढवायचं नसताना. सहा फुटांवर पाणी नळीत येऊन थांबतं, बाहेर एक थेंब पडत नाही. मधल्या उंचीवर मधला आकडा, तीन फुटांवर निम्म्याच्या आसपास. त्यात अरुंद नळी, दोन-तीन बाक आणि तुंबलेला स्पंज आले की आणखी घट. टाकीच्या डोक्यावर फिल्टरची पेटी असेल तर हा हिशोब आधी करावा लागतो. पंप आतल्या आत पाणी फिरवणार असेल तर हेडचा आकडा विसरला तरी चालतो. दुकानात मात्र दोन्ही गिऱ्हाइकांना मोठ्या आकड्याचाच पंप दाखवतात.

पंप कुठे ठेवायचा याचे नियम इथे शिकवले ते भारनियमनाने. २००५ नंतरच्या काही वर्षांत भुसावळजवळच्या दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र उशाशी असूनही आसपासच्या गावांत तासन् तास अंधार असायचा. हवेचा पंप टाकीखालच्या कपाटात ठेवलेला असेल आणि वीज गेली, तर नळीतून पाणी उलटं उतरून थेट पंपात आणि तिथून बोर्डावर. उपाय दोनच: पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवायचा, नाहीतर नळीत पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घालायचा. विहिरीचा फूट व्हॉल्व्ह माहीत असलेल्याला हे एका वाक्यात कळतं. साध्या इन्व्हर्टरवर बुडता पंप गुरगुरतो, तापतो; सेलवरचा हवेचा पंप तेव्हा कामाला आला. उन्हाळ्यात तर तो हवाच, कारण २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो आणि ३० अंशांना साडेसातच. शिवाय बुडत्या पंपाची स्वतःची उष्णताही त्याच पाण्यात जाते.

बोअरच्या जड पाण्याने आणखी एक सवय लावली. रोटरवर पांढरा थर बसतो आणि पंप एके दिवशी नुसता थरथरतो, पाणी ढकलत नाही. रोटर व्हिनेगरमध्ये तासभर ठेवला की सुटतो. पंप काचेला धरून ठेवणारे रबरी चोषकही कडक होऊन निसटतात, पंप रेतीवर पडतो आणि रेती ओढतो. म्हणून तळापासून दोन-तीन बोटं वर बसवून महिन्याकाठी चाचपायचा.

हात घालण्याआधी प्लग काढायचा, हे सांगायला नको. सांगावं लागतं ते टेपने गुंडाळलेल्या जोडाबद्दल. कूलरच्या मोटारीची वायर आखूड पडते, कुणीतरी जोड देतो आणि तो जोड नेमका काचेच्या कडेवर येतो. ती वायर टाकीत नकोच. वायरीला बोर्डाच्या खाली झोल ठेवायचा, म्हणजे ओघळ झोलातून जमिनीवर पडतो, सॉकेटात शिरत नाही. जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच.

अलीकडे १२ आणि २४ व्होल्टचे डीसी पंप आले, वेग कमीजास्त करता येणारे. पाण्यातला धोका त्यामुळे बराच घटला, पण २३० व्होल्ट अॅडॉप्टरपर्यंत येतातच. तो बहुतेक घरांत टाकीमागे फरशीवर पडलेला असतो आणि पाणी बदलताना बादली हिंदकळली की पहिले शिंतोडे त्याच्यावर उडतात.